कुंडीतला पानओवा आणि अण्णांचं पोट, रोज किती पानं चालतील?

गॅलरीतली बाग, पुणे

नमस्कार सगळ्यांना, जरा लांबलचक लिहितेय पण नीट सांगितल्याशिवाय नेमकं उत्तर मिळणार नाही म्हणून सगळं लिहिते. आमच्या गॅलरीत दोन वर्षांपासून ओव्याचं झाड आहे, म्हणजे ते जाडसर लुसलुशीत पानांचं, कडेला कातरल्यासारखी नक्षी असते, हात लावला तरी बोटांना ओव्याचा वास राहतो ते. शेजारच्या काकूंनी एक फांदी दिली होती ती नुसती खोचली आणि आता दोन कुंड्या भरून बाहेर लोंबतंय. आत्तापर्यंत आम्ही फक्त पावसाळ्यात भजी करायचो त्याची.

तर झालं काय की आमचे अण्णा, म्हणजे सासरे, वय ६८, त्यांना गेले तीन-चार महिने गॅसचा त्रास सुरू झालाय. जेवलं की पोट जड, ढेकर येत राहतात, छातीत पण जळजळतं म्हणतात. त्यांना कोणीतरी व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवला की रोज सकाळी अनशापोटी ओव्याची दहा पानं चावून खा, महिन्याभरात पोटाचे सगळे विकार मुळापासून जातात. अण्णा शिस्तीचे आहेत, एकदा ठरवलं की ठरवलं, रोज सहा वाजता गॅलरीत जाऊन मोजून दहा पानं तोडतात आणि खातात. आता पंधरा दिवस झाले. पहिले दोन-तीन दिवस म्हणाले छान वाटतंय हलकं वाटतंय, आता म्हणतात काही विशेष फरक नाही पण चालू ठेवतो.

माझे प्रश्न असे की हा जो कुंडीतला ओवा आहे तोच आपला मसाल्याच्या डब्यातला ओवा का, म्हणजे याच झाडाला ते दाणे येतात का, कारण आमच्या झाडाला दोन वर्षांत एकदाही फूल आलेलं नाही. दुसरं, दहा पानं रोज हे जास्त होतंय का. आणि तिसरं म्हणजे तुमच्याकडे पोटासाठी हे पान कसं वापरतात, आई-आजी काय करायच्या ते जरा सांगा. सासूबाईंचं म्हणणं झाडपाल्यानं काय होतंय, खाऊ दे. मला मात्र उगाच धाकधूक वाटते.

---

रत्नागिरीची काकू

अगं आमच्याकडे मागच्या दारी न्हाणीच्या बाजूला हे झाड कायम असायचं, न्हाणीचं पाणी जायचं ना तिथे पण जरा उंचवट्यावर, कारण याला पाणी साचलेलं अजिबात चालत नाही, लगेच देठ कुजतो. आम्ही त्याला पानओवाच म्हणायचो. आमच्या आईचा नेम असा होता की घरात फणसाची भाजी नाहीतर वाल-पावट्याची उसळ, कुळथाचं पिठलं असं काही वातूळ झालं की जेवणात ओव्याच्या पानांची चटणी असायचीच. ओलं खोबरं, एक मिरची, चिमूटभर जिरं, मीठ, आमसुलाचा तुकडा आणि पाच-सहा पानं, सगळं पाट्यावर वाटायचं. म्हणजे पाच-सहा पानं सगळ्या घराला मिळून बरं का, एकट्याला नाही!

पोट फारच तटतटलं असेल तर एक कोवळं पान आणि मिठाचे दोन-तीन खडे, सावकाश चावून खायचं आणि वर कोमट पाणी. तासाभरात ढेकर येऊन मोकळं वाटायचं. आणि ताकाची कढी करायची तेव्हा तुपाच्या फोडणीत जिरं आणि बारीक चिरलेली तीन-चार पानं, ती जरा मऊ झाली की वरून बेसन लावलेलं ताक, कढी उकळू द्यायची नाही नुसती वाफ येऊ द्यायची. ही कढी आणि मऊ भात, आजारातून उठलेल्या माणसाला पण द्यायचे.

भजीचं म्हणशील तर बेसनात वेगळा ओवा घालायचा नाही, पानाचाच वास पुरतो, आणि पान आधी धुऊन फडक्यावर कोरडं करायचं नाहीतर तेल उडतं. पण भजी खाऊन पोट सुधारतं असं मात्र मी म्हणणार नाही, तळणच ते शेवटी.

आमच्याकडे कोणी रोज अनशापोटी दहा पानं खाल्लेली मी बघितलेली नाहीत. लागलं तेव्हा घ्यायचं आणि बरं वाटलं की सोडायचं असंच होतं.

---

निवृत्त मास्तर

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो.

नाही, हा तो ओवा नाही. वास सारखा आहे, नाव सारखं आहे, पण दोघांचं घराणं पूर्ण वेगळं. डब्यातला ओवा म्हणजे ट्रॅकिस्पर्मम अम्मी, हा कोथिंबीर, जिरं, बडीशेप, शेपू यांच्या कुळातला. त्याचं झाड वर्षभरसुद्धा टिकत नाही, पेरायचं, वाढतं, पांढऱ्या बारीक फुलांच्या छत्र्या येतात, दाणे धरतात आणि वाळून जातं. पानं तर शेपूसारखी बारीक चिरलेली असतात. राजस्थान, गुजरातकडे त्याची मोठी लागवड होते. तुमच्या कुंडीत आहे तो पानओवा, संस्कृतात पर्णयवानी, शास्त्रीय नाव कोलियस अँबॉयनिकस, हा तुळस आणि पुदिन्याच्या कुळातला. बऱ्याच पुस्तकांत प्लेक्ट्रँथस अँबॉयनिकस असं नाव सापडेल, तेही हेच झाड. नावातलं अँबॉयना म्हणजे इंडोनेशियातलं अंबोन बेट, लौरेरो नावाच्या पोर्तुगीज मिशनऱ्यानं १७९० साली त्याचं वर्णन छापलं तेव्हा हे नाव दिलं. आपल्याकडे याला फूल क्वचित येतं आणि फांदी खोचून इतकं सहज लागतं की बियांची कुणाला गरजच पडत नाही, त्यामुळे तुमच्या झाडाला फूल नाही यात काही बिघडलेलं नाही.

मग वास सारखा का? ओव्याच्या दाण्यातला मुख्य वासाचा पदार्थ थायमॉल. पानओव्यात कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल दोन्ही सापडतात, कुठल्या झाडात कुठलं जास्त हे माती-हवेवर बदलतं. ही दोन सख्खी भावंडं समजा, अणू तेच आणि तेवढेच फक्त एका गटाची जागा वेगळी. म्हणून नाकाला फरक कळत नाही. पण दाण्यात तेल एकवटलेलं असतं आणि पान मुख्यतः पाण्यानं भरलेलं असतं, तेव्हा चमचाभर ओवा आणि एक पान यांचा हिशेब एक धरू नये.

आता एक गोष्ट कळकळीनं सांगतो. पाथरचूर, पत्थरचट्टा ही नावं लोक दोन-तीन झाडांना सरसकट लावतात. काही ठिकाणी पानओव्याला पाथरचूर म्हणतात आणि काही ठिकाणी पानफुटीला, म्हणजे जिच्या पानाच्या कडेला छोटी छोटी रोपं फुटतात तिला. पानफुटीचं पान गुळगुळीत, चकचकीत, बिनवासाचं आणि चवीला आंबट. गंमत म्हणजे ते सकाळी जास्त आंबट लागतं आणि दुपारनंतर आंबटपणा जातो, कारण ते झाड रात्री हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतं आणि दिवसा वापरतं. ही गोष्ट बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञानं आपल्याच देशात काम करताना नुसती पानं चाखून ओळखली आणि १८१५ साली ती छापून आली. इतकं सुंदर निरीक्षण! पण त्याच पानफुटीत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारे पदार्थ असतात, ऑस्ट्रेलियात या जातीची झाडं खाऊन गुरं दगावलेली आहेत. त्यामुळे कोणी 'पाथरचूर खा' म्हणालं तर आधी विचारा कुठलं. वास घ्या. ओव्याचा वास आला नाही तर तोंडात घालू नका.

---

गॅलरीतली बाग, पुणे

बाप रे सर, बरं झालं सांगितलंत, आमच्या सोसायटीच्या बागेत पानफुटी आहे आणि माळीदादा तिला पाथरचूरच म्हणतात, मुतखड्यासाठी कोण कोण पानं घेऊन जातात. आमचं झाड मात्र नक्की पानओवाच आहे, वास अगदी कडक येतो आणि पानांवर बारीक लव आहे मखमलीसारखी. काकू, कढी करून बघते, अण्णांना आवडेल ती.

---

बंगळूरकर

मूळचा बेळगावचा, वीस वर्षं बंगळुरात आहे म्हणून इकडची गोष्ट सांगतो. इथे या झाडाला दोड्डपत्रे म्हणतात, म्हणजे मोठं पान, आणि घराघरात त्याची तंबुळी करतात. तंबुळी म्हणजे थंड कढी म्हणा हवं तर, शिजवत नाहीत. आठ-दहा पानं थोड्या तुपावर जिरं आणि चार मिरे घालून परतायची, ती काळपट होऊन आक्रसतात आणि घरभर वास सुटतो, मग गार झाल्यावर ओल्या खोबऱ्याबरोबर वाटायची आणि ताकात किंवा दह्यात कालवून वर मोहरी, कढीपत्ता, सुक्या मिरचीची फोडणी. भाताच्या पहिल्या वाढीला घ्यायची ही रीत. माझ्या सासूबाई सांगतात की आधी तंबुळी मग सांबार असाच क्रम, कारण पोट आधी तयार होतं. यात पण आठ-दहा पानं चार माणसांत जातात आणि ती सुद्धा परतलेली, ताक-खोबऱ्यात मुरलेली. कच्ची दहा पानं एकट्यानं सकाळी सकाळी म्हणजे मला वाचूनच तोंड भाजल्यासारखं झालं, एक पान चावलं तरी जीभ चुरचुरते हो.

तमिळमध्ये याला कर्पूरवल्ली आणि मल्याळममध्ये पनिकूर्क्का म्हणतात, तिकडे सर्दी-खोकल्याला जास्त वापर. माझ्याबरोबर काम करणारी एक बाई सुमात्राच्या बटक समाजातली होती, तिनं हे झाड आमच्या गच्चीत ओळखलं आणि म्हणाली आमच्याकडे बाळंतिणीला याच्या पानांचं सूप देतात दूध यावं म्हणून. मला फार बरं वाटलं ते ऐकून, एकच पान आणि किती घरं.

---

वैद्य, सातारा

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. सगळ्यांनी छान माहिती दिली आहे पण मला अण्णांबद्दल बोलायचं आहे, झाडाबद्दल नंतर.

माझ्याकडे येणारे निम्मे पेशंट म्हणतात 'गॅस होतो'. हा एक शब्द आपण पाच तक्रारींना वापरतो. कोणाचं पोट फुगतं, कोणाला आंबट पाणी तोंडात येतं, कोणाला छातीच्या मधोमध जळजळ, कोणाचं पोट साफ होत नाही, कोणाला मुरडा. औषध प्रत्येकाचं वेगळं, काही वेळा अगदी उलट. ओवा आणि पानओवा दोन्ही उष्ण आणि तीक्ष्ण, अग्नी पेटवणारे, वायू खाली सारणारे. जड अन्न, थंडी, बैठं काम यानं फुगलेल्या पोटाला ते उत्तम. पण ज्याला जळजळ आहे, आंबट ढेकर आहेत, म्हणजे पित्ताचा त्रास आहे, त्यानं अनशापोटी दहा पानं चावायची म्हणजे आगीत तेल. तुम्ही स्वतःच लिहिलंय छातीत पण जळजळतं, ते वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. पुदिन्याच्या बाबतीतही हेच होतं, लोकांना वाटतं थंड आहे, पण त्यानं अन्ननलिकेचं खालचं दार सैल पडतं आणि ज्यांचं ॲसिड वर येतं त्यांना तो जास्त त्रास देऊ शकतो.

तर आधी ही दहा पानं थांबवा. मग अण्णांना निवांत बसवून विचारा: नेमकं कुठे होतं, बोट ठेवून दाखवा. जेवणानंतर की रिकाम्या पोटी? आडवं पडल्यावर वाढतं का? रात्री झोपेतून उठवतं का? भूक कमी झाली का, वजन उतरलं का? घास अडकल्यासारखा होतो का? शौचाला काळं, डांबरासारखं होतं का? आणि हे विचारायला विसरू नका, गुडघ्याच्या, कंबरेच्या दुखण्याची गोळी चालू आहे का, कोणाला न सांगता मेडिकलमधून आणलेली सुद्धा. या वयात पोटाचा त्रास नव्यानं सुरू झाला आणि तीन-चार महिने राहिला तर घरी औषध करत बसायचं नाही, तपासून घ्यायचं. मी स्वतः आयुर्वेदाचा आहे पण अशा माणसाला मी आधी तपासण्या करायला पाठवतो.

बाकी ज्यांचं पोट फक्त फुगतं आणि जळजळ नाही त्यांच्यासाठी: पानओव्याचं एक-दोन पानं जेवणाबरोबर, तेही ताक, कढी, चटणी यातून. डब्यातला ओवा असेल तर पाव चमचा, किंचित भाजून, सैंधवाबरोबर चावून वर कोमट पाणी. गवारीच्या भाजीत, पुरीच्या कणकेत, भजीच्या पिठात आपल्या बायकांनी ओवा उगाच नाही घातला. हिंग्वाष्टक चूर्ण सगळ्यांना माहीत आहे, त्यात सुंठ, मिरे, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरं, शहाजिरं आणि हिंग अशी आठ द्रव्यं असतात, ग्रंथातल्या श्लोकात अजमोदा म्हटलंय पण व्यवहारात ओवा घालतात. ते तुपात कालवून जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायला सांगितलंय. लोक जेवण झाल्यावर कोरडं फक्की मारतात आणि मग म्हणतात जळजळलं. तूप आणि पहिला घास या दोन्ही गोष्टी औषधाचाच भाग आहेत.

---

नवी आई, नाशिक

इथेच विचारते चालेल ना, माझं बाळ चार महिन्यांचं आहे, संध्याकाळी पोट कडक होतं आणि खूप रडतं. आजेसासूबाई म्हणतात ओव्याचं पान तव्यावर गरम करून पिळून रसाचे चार थेंब मधातून चाटव, आमची सगळी पोरं त्यावरच वाढली. मला त्यांना दुखवायचं पण नाहीये आणि द्यायची भीती पण वाटते. काय करू?

---

वैद्य, सातारा

देऊ नका. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. आणि मध तर वर्षाच्या आत मुळीच नाही, त्यातल्या जंतूंचे बीज बाळाच्या कोवळ्या आतड्यात रुजून गंभीर विषबाधा होऊ शकते, मध कितीही शुद्ध असला तरी. पानाचा रस तिखट असतो, बाळाच्या तोंडाला आणि नरड्याला झोंबतो, आणि तव्यावर पिळलेल्या रसात तेल किती उतरलं याला काही माप नाही.

पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा, पाय सायकलसारखे हलवा, पोटावर कोमट हातानं घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं हलकं चोळा. आजेसासूबाईंचा मान राखायचा तर हिंग पाण्यात कालवून बेंबीभोवती लावायला त्यांना सांगा, अगदी पातळ आणि बेंबीच्या आत जाऊ न देता, त्वचा लाल झाली तर लगेच पुसायचं. रडणं थांबतच नसेल, उलटी हिरवी होत असेल, ताप असेल, शीतून रक्त दिसलं तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा.

---

रत्नागिरीची काकू

वैद्यांचं बरोबर आहे गं बाळा. आमच्याकडे पण द्यायचे, माझ्या धाकट्या भावाला दिलेलं मला आठवतंय, बाळघुटीत सहाणेवर मुरडशेंग, वेखंड, सुंठ, जायफळ, हिरडा असं एकेक वेढा उगाळून द्यायचे. पण ते वेढे मोजणारी बाई जाणती असायची, कशाचा एक वेढा आणि कशाचा अर्धा हे तिच्या हातात असायचं. आता तो हात घरात राहिलेला नाही आणि औषध तेवढं राहिलंय, म्हणून मी माझ्या सुनेला काहीच द्यायला सांगितलं नाही. आजेसासूबाईंना असं सांग की डॉक्टरांनी सहा महिने मना केलंय, तू नाही म्हणतेस असं सांगू नको. आणि त्यांच्याकडून बाळाला तेल लावून घे, त्यांचा हात तुझ्यापेक्षा सराईत असेल, त्यांनाही बरं वाटेल.

---

घाटावरचा

माझा अनुभव लिहितो, आजपर्यंत कुठे लिहिला नव्हता. माझ्या वडिलांना वय ६१ असताना रात्री जेवणानंतर छातीत दाटून आलं, घाम आला. आई म्हणाली गॅस धरलाय, वांग्याची भाजी झाली होती. ओवा-काळं मीठ दिलं, मग ओव्याचं पाणी उकळून दिलं, मग मी मेडिकलमधून सोडा आणला. ढेकर आले म्हणून आम्हाला वाटलं उतरतंय. यात दोन-अडीच तास गेले. हार्ट ॲटॅक होता. ते वाचले पण हृदयाचं जे नुकसान व्हायचं ते होऊन गेलं, पुढची नऊ वर्षं त्यांना जिना चढता आला नाही. डॉक्टर एवढंच म्हणाले की लवकर आणायला हवं होतं.

मी ओव्याला दोष देत नाही, आमच्या घरी अजूनही ओवा आहे. पण छातीत दाटणं, घाम, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, दम लागणं यातलं काही असेल तर आधी दवाखाना मग घरगुती उपाय. शुगर असलेल्या माणसाला तर दुखणं फारसं जाणवतही नाही, नुसतं अस्वस्थ वाटतं. ताई, अण्णांचा ईसीजी काढून घ्या हो, विनंती आहे.

---

निवृत्त मास्तर

घाटावरचे, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

वैद्यांनी मापाचं सांगितलं त्यावरून एक जोडतो, कारण 'झाडपाल्यानं काय होतंय' हे वाक्य मूळ पोस्टमध्ये आहे. ओव्यातून काढलेलं थायमॉल म्हणजेच ओव्याचं फूल किंवा सत्त्व, एके काळी अंकुशकृमीवरचं मुख्य औषध होतं. पहिल्या महायुद्धाच्या आधी आपल्याकडचा ओवा जहाजानं जर्मनीला जायचा आणि तिथे त्याचं थायमॉल व्हायचं. अमेरिकेत १९०९ साली रॉकफेलर यांच्या पैशातून अंकुशकृमी हटवायची मोहीम सुरू झाली, तिच्यात हेच औषध दिलं. आणि देताना रोग्याला ताकीद असायची की त्या दिवशी दारू नाही, तेलतूप नाही, कारण त्यात विरघळून ते रक्तात जास्त शिरतं आणि जिवावर बेततं. तोच पदार्थ, पुरीत चिमूटभर असतो तेव्हा पाचक, आणि एकवटून घेतला की विषाच्या जवळ.

अमृतधारा घरात असते ना, ओव्याचं फूल, पेपरमिंटचं फूल आणि कापूर, तीन कोरडे खडे एकत्र केले की आपोआप पातळ होतात, मी वर्गात मुलांना हा प्रयोग दाखवायचो आणि मुलं डोळे मोठे करून बघायची. ती बाटली लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा, कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात.

---

गॅलरीतली बाग, पुणे

आठ दिवसांनी लिहितेय, सॉरी, धावपळ चालू होती.

वैद्यांनी दिलेले प्रश्न कागदावर लिहून मी अण्णांसमोर बसले. आधी म्हणाले काही नाही गं, गॅसच आहे. मग गोळीचं विचारलं तेव्हा सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि अण्णा गप्प झाले. चार महिन्यांपासून गुडघ्यासाठी दुखण्याची गोळी घेत होते, रोज, सकाळी फिरायला जायच्या आधी, रिकाम्या पोटी. आम्हाला काळजी नको म्हणून सांगितलं नाही म्हणाले. आणि त्यावर ही दहा पानं. मला रडूच आलं, इतके दिवस एका घरात राहून आपल्याला कळलं नाही.

दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला, तो नीट आहे, घाटावरचे दादा तुमच्यामुळे तो पहिल्यांदा काढला. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन जरा कमी निघालं म्हणून दुर्बिणीनं पोट बघितलं, जठराच्या आतल्या बाजूला सूज आहे आणि एक छोटा व्रण आहे. दुखण्याची गोळी पूर्ण बंद, ॲसिड कमी करायचं औषध आठ आठवडे आणि मग परत बोलावलंय. तिथल्या डॉक्टरांना पानांचं पण सांगितलं, ते म्हणाले व्रण भरेपर्यंत तिखट-झणझणीत काहीच नको, ही पानंही नकोत, नंतर जेवणात थोडी चालतील. गुडघ्यासाठी फिजिओथेरपी सुरू केलीय, अण्णा तिथेही मोजून व्यायाम करतात.

सासूबाईंना मी मास्तर सरांची पोस्ट वाचून दाखवली, पानफुटीची आणि जर्मनीला जाणाऱ्या ओव्याची. त्यांनी ती पूर्ण ऐकली आणि मग माळीदादांना बोलावून पानफुटीबद्दल सांगितलं, आता त्या कुंडीवर आम्ही पाटी लावलीय, पानफुटी, खाऊ नये.

काकू, तुमची कढी अण्णांचं सोडून आम्ही तिघांनी खाल्ली, मुलीला फार आवडली. अण्णा म्हणाले आठ आठवडे झाले की माझ्यासाठी कर. एक शंका, पाऊस सुरू झाल्यापासून खालची पानं पिवळी पडून गळतायत आणि देठ मऊ लागतोय, काय करू?

---

रत्नागिरीची काकू

अण्णांचं वेळेत कळलं हे फार बरं झालं, त्यांच्यावर रागावू नको, त्या पिढीची माणसं दुखणं सांगतच नाहीत, आमचे हे पण तसेच.

झाडाचं म्हणजे पाणी जास्त झालंय. कुंडी पावसाच्या माऱ्यातून आत घे, माती बोटभर खोल कोरडी लागेपर्यंत पाणी घालू नको. देठ मऊ झालाय तो भाग आता सुधारणार नाही, वरच्या बाजूच्या कडक वीतभर फांद्या कापून घे, खालची दोन-दोन पानं काढ आणि एक दिवस सावलीत तशाच ठेवून मग वाळू मिसळलेल्या मातीत खोच. पंधरा दिवसांत मुळं धरतील. अण्णांची आठ आठवड्यांची मुदत संपेपर्यंत कढीपुरती कोवळी पानं नक्की तयार असतील.